छत्तीस तारांचा यशपाल

एकोणीसशे सत्त्याहत्तर साली आमच्या बेटावर, फिनिक्स गावातल्या आमच्या गल्लीत नऊ घरं होती आणि टेलिफोन एक. तो हरिलालच्या पुढच्या खोलीत, तिपाईवर, क्रोशाच्या रुमालाखाली असे. हरिलाल सरकारी कचेरीत हेडक्लार्क. अर्ज केल्यावर बाकीच्यांचे केस पिकत, याचा टेलिफोन मात्र दीड वर्षात आला. त्यावरून त्याची ओळख कुठवर असावी याचा गल्लीने अंदाज बांधला आणि त्याला दादा म्हणायला सुरुवात केली.

टेलिफोन हरिलालच्या नावाचा असला तरी चालवायची त्याची बायको भगवती. आणि चालवायची ती अगदी फुकट. कुणी नाणं पुढे केलं तर तिला खरंच वाईट वाटे. "शेजाऱ्याकडून कसले पैसे घ्यायचे? बस. काय पिणार, चहा की लिंबूपाणी?" मग ती कनवटीची किल्ली काढून डायलचं कुलूप उघडी, नंबर स्वतः फिरवी, रिसीव्हर तुमच्या हातात देई आणि दोन हातांवर बसून ब्रेदची पानं निवडायला घेई. ब्रेद म्हणजे आमच्याकडची पालेभाजी. टेलिफोन आल्यापासून त्या घरात दोन्ही वेळा ब्रेद शिजत असे. हरिलालला ती आवडत नसे, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

या सोयीच्या अटी कुणी कधी वाचल्या नाहीत, कारण त्या लिहिलेल्याच नव्हत्या. तुम्ही क्युरपिपच्या बहिणीला सांगितलंत की गादी पार चपटी झाली आहे, तर रविवारच्या आत भगवतीचा भाऊ कृष्णदेव आपली व्हॅन घेऊन दारात उभा राही आणि व्हॅनमध्ये विकायला गादी असे. गुडघेदुखी बोललात तर मलम येई. मुलगा परीक्षेत नापास झाल्याचं लंडनला कळवलंत तर शिकवणीचे मास्तर येत. तेही भगवतीच्या माहेरचेच. गल्लीतल्या बायका कौतुकाने म्हणत, "कृष्णदेवला बाई बरोबर कळतं, कुणाला काय हवंय ते." त्याला ते कसं कळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही कौतुक वाटायचं ते वाटेच. शोधत फिरायचा त्रास वाचतो, ही काय लहान गोष्ट आहे?

कुणी कुरकुर केलीच, तर समोरच्या घरातली राजलक्ष्मीकाकी सगळ्यांच्या वतीने उत्तर देई. "आपल्याला काय लपवायचंय? लपवतो तो, ज्याच्या मनात पाप." राजलक्ष्मीकाकी उपासाच्या दिवशी मासे तळायचे असले की आधी सगळ्या खिडक्या लावून घेई.

या गल्लीच्या शेवटच्या घरात यशपाल राहत असे. सरकारी वर्कशॉपमध्ये वायरमन, वय पन्नासच्या आतबाहेर, अंगाने काटकुळा, बोलायला लागला की थांबायचं बटण नसलेला. पंप कसा चालतो हे त्याला विचारलं तर तो आधी पाणी म्हणजे काय इथून सुरुवात करी. बायको बसंती शिवणकाम करायची. एकुलती मुलगी इंद्राणी प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि शाळेतून आली की बापाच्या हाताखाली जोडांना कथलाचा डाग द्यायची, तारा सोलायची, मीटर धरायची. बसंतीच्या मते मुलीला शिवण यायला हवं होतं. यशपालच्या मते सुई आणि डागणी यांत तत्त्वतः फरक नव्हता.

इंद्राणीला दमा होता. फार नाही, पण फिनिक्सचा पाऊस आठवडाभर हटला नाही की छाती घरघरायची. त्या साली तिला कास्काव्हेलच्या एका घरातून मागणी येऊ घातली. मुलाच्या मामाने चौकशीसाठी हरिलालकडे टेलिफोन केला आणि यशपालला बोलावून आणायला सांगितलं. भगवती म्हणाली, बोलावते की. पण बोलावण्याआधी, मामा एवढा लांबून बोलतोय तर त्याचा वेळ फुकट जाऊ नये, म्हणून तिने स्वतःच थोडी माहिती दिली. मुलगी गुणाची. आई टापटिपीची. बाप थोडा बोलतो जास्त, पण मनाने चांगला. "दमा उठतो अधूनमधून, पण मुलगी लाखात एक."

यशपाल ओल्या चपला काढून आत येईपर्यंत पलीकडे रिसीव्हर ठेवलेला होता. मागणी काही आलीच नाही. त्याच आठवड्यात कृष्णदेवची व्हॅन मात्र आली. व्हॅनमध्ये वाफारा घ्यायचं भांडं होतं, झाकणाला नळी असलेलं.

"मी वाईट काय सांगितलं?" भगवती म्हणाली. "लग्नानंतर कळलं असतं तर? आणि लाखात एक म्हटलं, भावजी. ते नाही ऐकलंत."

यशपालने ते भांडं परत पाठवलं आणि बसंतीसमोर शपथ घेतली. इंद्राणीचं लग्न जमेल तेव्हा जमेल, पण भगवतीच्या कानावर त्यातला एक शब्द आधी जाणार नाही. बसंती म्हणाली, "मग काय कबूतरं पाळणार?" यशपालने हा प्रश्न टोमणा म्हणून न घेता तांत्रिक म्हणून घेतला. कबुतरांवर त्याने दोन दिवस खरोखर विचार केला.

त्याच सुमारास वाक्वाच्या बाजूला परदेशी सैन्याचं एक ठाणं उठलं आणि त्यांचं भंगार विकायला निघालं. त्यात हँडल फिरवून घंटी वाजवायचे लष्करी टेलिफोन होते. आत दोन सुके सेल घातले, दोन तारा जोडल्या की चालू. ना कुठली कचेरी लागे, ना अर्ज. यशपालने नऊ टेलिफोन आणि तारेची सोळा रिळं उचलून आणली. गल्ली खाजगी होती, त्यामुळे परवानगी मागायला कुणी नव्हतं. यशपालला याचं थोडं वाईट वाटलं. त्याने अर्जाचा मसुदा तयार ठेवला होता.

आता नऊ घरं जोडायची साधी रीत अशी की एक तार सगळ्यांच्या दारावरून न्यायची. पण मग एकाने बोलायचं आणि आठांनी ऐकायचं. त्याहून शहाणी रीत म्हणजे सगळ्या तारा एका घरी आणायच्या आणि तिथे एकाने बसून जोडून द्यायच्या.

"आणि तिथे कोण बसणार?" यशपालने बैठकाच्या सभेत विचारलं. बैठका म्हणजे आमची सभेची खोली. तिथे संध्याकाळी मुलांना मराठी शिकवत आणि उरलेल्या वेळात मोठी माणसं भांडत.

"तू बस," कोणीतरी म्हणालं.

"मी बसलो तर सहा महिन्यांत माझी भगवतीवहिनी होईल. कोणीही बसला तरी होईल. दोष माणसाचा नाही, खुर्चीचा आहे."

म्हणून त्याने खुर्चीच काढून टाकली. प्रत्येक घरातून प्रत्येक घराकडे वेगळी तार. नऊ घरं, छत्तीस तारा. प्रत्येक घरात आठ खटक्यांची एक लाकडी पाटी. ज्याच्याशी बोलायचं त्याचा खटका खाली करायचा, हँडल फिरवायचं आणि बोलायचं. मध्ये कोणी नाही. तारा ओढायला त्याला आणि इंद्राणीला सात महिन्यांचे रविवार लागले. काम झालं तेव्हा गल्लीवरचं आभाळ वहीच्या पानासारखं रेघांचं दिसू लागलं. पहिल्याच आठवड्यात राजलक्ष्मीकाकीने त्यावर चादरी वाळत घातल्या.

यशपालने आराखडा काढून बैठकाच्या यंत्रावर त्याच्या प्रती छापल्या आणि वाटल्या. वर लिहिलं होतं, "या तारेवर दोघे बोलतात तेव्हा तिसरा कोणीही ऐकू शकत नाही." खाली लिहिलं होतं, "हे कुणाच्या मालकीचं नाही. बघा, बांधा, सुधारा, दुसऱ्याला द्या." लोकांनी प्रती घेतल्या. कागद जाड होता. भाजीच्या डब्याखाली चांगला बसे.

एक माणूस मात्र भेटला. मोकाचा हरिप्रसाद, एका प्रयोगशाळेत मदतनीस. तो आराखडा वाचून यशपालकडे आला आणि त्याने यशपालला मिठी मारली. तीन रविवार दोघे एकमेकांचे सख्खे भाऊ होते. चौथ्या रविवारी खटका उभा असावा की गोल फिरणारा यावरून वाद झाला. हरिप्रसादने मोकाला जाऊन गोल खटक्यांची स्वतःची जोडणी उभारली, तिचा वेगळा आराखडा छापला आणि प्रस्तावनेत उभ्या खटक्यांच्या लोकांबद्दल दोन परिच्छेद लिहिले. पुढे कुठल्याही समारंभात दोघे समोर आले की एकमेकांकडे पाठ करून बसत. भगवतीबद्दल यशपाल कधी इतका कडवट बोलला नाही.

आणि गल्लीत ही जोडणी कशी चालली? उत्तम चालली. वापरत कोणी नव्हतं, एवढंच.

"छान आहे हो," राजलक्ष्मीकाकी म्हणाली. "पण मी बोलू कुणाशी? सगळे तर भगवतीकडे असतात."

"सगळे इकडे आले की इकडे असतील," यशपाल म्हणाला.

"मग आले की सांगा. मी येते."

यशपालने घरोघर जाऊन समजावलं. लोक मान डोलावत. एकान्ताची गरज सगळ्यांना पटे. मग संध्याकाळ झाली की ते छत्री घेऊन हरिलालकडे जात, कारण लंडनचा मुलगा आणि क्युरपिपची बहीण यशपालच्या तारेवर नव्हती. जे तारेवर होते त्यांना हाक मारली तरी ऐकू जात असे. यशपाल म्हणे, हाक आठ घरांना ऐकू जाते. लोक म्हणत, तेवढाच त्यांचाही वेळ जातो.

एक टेलिफोन भगवतीनेही घेतला. तिचं मन मोठं होतं. "गल्लीचं काम आहे, आपण मागे कसं राहायचं?" तो तिने मागल्या अंगणातल्या स्वयंपाकाच्या खोपटात लावून घेतला आणि हँडलला चहाची गाळणी अडकवली.

यशपाल दर रविवारी सकाळी मीटर घेऊन नऊही घरांतले सेल तपासत फिरे. त्याचा हा नेम होता. टेलिफोन जितका बोलतो तितके सेल उतरतात. सात घरांतले सेल महिनोन्‌महिने आणले तसे ताजे होते. एका घरातले तर बॅटरीत गेले होते. पण एकोणऐंशीच्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या लक्षात आलं की दोन घरांतले सेल तीन आठवड्यांत मरतात. एक घर हरिलालचं. दुसरं त्याचं स्वतःचं.

कोण कुणाशी काय बोललं हे मीटर सांगत नव्हता. पण किती बोललं, आणि कोणत्या दोन घरांत, ते सांगत होता. एवढ्यावर माणसाला पुरेसा अंदाज बांधता येतो आणि तो पूर्ण चुकीचा बांधता येतो. त्याच्या घरचा टेलिफोन बसंतीच्या शिवणयंत्राशेजारी होता. हरिलालचा स्वयंपाकाच्या खोपटात. यशपालने दोन अधिक दोन केले. त्याची बायको त्याच्याच तारेवरून भगवतीला घरच्या बातम्या पुरवत होती.

हा घाव मोठा होता. इंद्राणीसाठी तेव्हा दुसरीकडे बोलणी चालवायचा त्याचा विचार होता, आणि ती गुप्त ठेवायची म्हणून तर हा सगळा पसारा. त्याने बसंतीला आडून विचारलं.

"भगवतीवहिनीशी हल्ली बरंच बोलणं होतं वाटतं."

"होतं की. कुंपणावरून. का?"

"तारेवरून नाही?"

"तुमच्या तारेवरून कोण बोलतंय?" बसंती म्हणाली आणि पायाने यंत्र सुरू केलं.

यशपालला ही बनवाबनवी वाटली. सत्तावीस वर्षं संसार करून माणूस किती सराईत होतो, असं तो मनाशी म्हणाला.

पुढच्या शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर भगवती स्वतः त्याच्या अंगणात आली. यशपाल शिडी रंगवत होता. ती अशी कधी येत नसे. गल्ली तिच्याकडे जात असे.

"भावजी, एक काम होतं," ती हळू आवाजात म्हणाली. हळू बोलायची सवय नसल्याने ते सगळ्यांना ऐकू गेलं असतं, पण घरात तेव्हा कोणी नव्हतं. "आमचा जयदेव. मोकाच्या कचेरीतून आला की खोपटात जाऊन बसतो. शनिवारी तर दुपारपासून. चहाची गाळणी काढून ठेवलेली असते. तुमच्या त्या डब्यावर कुणाशी तरी बोलतो. मी आत गेले की म्हणतो, आये, राजलक्ष्मीकाकीला वेळ विचारत होतो."

"मग?"

"मग काय. तार तुमची. तुम्ही ऐकून मला सांगा, कोण आहे ती. एवढंच. मी कुणाला सांगणार आहे का?"

यशपालने ब्रश खाली ठेवला. असा क्षण त्याच्या आयुष्यात पूर्वी आला नव्हता आणि पुढे यायची शक्यता नव्हती. तो ताठ झाला.

"वहिनी, ती तार माझी नाही. कुणाचीच नाही. आणि ऐकायचं म्हणाल तर ऐकताच येत नाही. मी बांधली तेव्हा स्वतःसाठीसुद्धा फट ठेवली नाही. आज तुमच्यासाठी ठेवली तर उद्या राजलक्ष्मीसाठी ठेवावी लागेल. तुम्ही आई आहात, मला कळतं. पण ज्या दाराची एक जादा किल्ली असते, ते दार नव्हेच."

"असं कसं होईल? बांधणाऱ्याला ऐकू येणार नाही?"

"नाही."

"शपथ घ्या."

"इंद्राणीची शपथ."

भगवती म्हणाली, "बाँ, बरं तर. तुमचं शहाणपण तुम्हाला लखलाभ," आणि निघून गेली, कारण शनिवारची दुपार म्हणजे तिच्या पुढच्या खोलीत गर्दीची वेळ. लंडनचे, पॅरिसचे टेलिफोन यायचे. तिला तिथून हलता येत नसे. तिचा मुलगा नेमका त्याच वेळी मागच्या खोपटात का बसतो, हे तिला कळलं नाही. दुसऱ्यांचं ऐकायला बसलेल्या माणसाचं मागलं दार उघडंच असतं.

इकडे यशपालच्या डोक्यात मात्र उजेड पडला. भगवती नव्हे, जयदेव. म्हणजे बसंती नव्हे. म्हणजे, आणि इथे त्याने शिडी उचलली.

तिसऱ्याला ऐकता येत नाही, ही गोष्ट तशी खरी होती. तिसऱ्याकडे चिमटे लावलेला कानाचा रिसीव्हर नसेल तर. यशपालकडे होता, तारा ओढताना चाचणीसाठी लागे, तो हत्यारांच्या पेटीत खालच्या कप्प्यात होता. पंचवीस मिनिटांपूर्वी घेतलेली शपथ त्याला आठवत होती. पण त्याने भगवतीसाठी ऐकणार नाही असं म्हटलं होतं. बापाने ऐकण्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. शिडीच्या प्रत्येक पायरीवर त्याला असं एकेक कारण मिळत गेलं आणि आठव्या पायरीवर ती संपली. तोवर तो वर पोचला होता.

इंद्राणी मघाशीच शाळेच्या वह्या घेऊन मागल्या दाराने शिवणाच्या खोलीत गेली असावी. त्याने आपल्या घरून हरिलालकडे जाणारी तार शोधली, दोन ठिकाणी सोलली आणि चिमटे लावले.

"...तीन फोटो आणलेत मामाने," जयदेवचा आवाज. "व्हॅनमधून. एका मुलीसोबत कपाट फुकट आहे."

इंद्राणी हसली. तिचं असं हसणं यशपालने घरात कधी ऐकलं नव्हतं.

"आणि इथे कोणी ऐकत नाही ना?" जयदेवने विचारलं. "आई आज तुमच्या अंगणात गेली होती."

यावर इंद्राणी लगेच बोलली नाही. तारेवर नुसती खरखर होती. मग ती बोलली ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून, वर्गात बोलावं तशी.

"जयदेव, माझ्या बाबांनी शब्द दिलाय की या तारेवर कोणी ऐकत नाही. म्हणून मी इथे बोलते. दुसरीकडे कुठे बोलले नसते. तुझ्याशी लग्न करायचं हे माझं ठरलंय, पण ते बाबांना मी सांगणार, माझ्या वेळेला, समोर बसून. तोपर्यंत त्यांनी काही ऐकलेलं नाही, असं मी धरून चालणार. ते शब्दाचे पक्के आहेत."

"हे काय गं, पाठ दिल्यासारखं?"

"तुला दिलाय," ती म्हणाली.

यशपालने चिमटे काढले. शिडी उतरताना त्याला आढळलं की खाली यायच्या पायऱ्यांवर कारणं नसतात. त्याने शिडीचा उरलेला रंग पूर्ण केला. आठवी पायरी दोनदा रंगवली.

पुढचे चार महिने त्याच्या आयुष्यातले सर्वांत शांत गेले, म्हणजे इतरांसाठी. इतकी मोठी बातमी पोटात, आणि ती कळली कशी हे सांगायची सोय नाही. इंद्राणीला विचारावं तर आराखड्याचं पहिलं वाक्य खोटं. बसंतीला सांगावं तरी तेच. तो जेवताना मुलीकडे बघे आणि मीठ मागे. सेल उतरले की मुकाट्याने नवे घाली. दुसरीकडची बोलणी त्याने सुरूच केली नाहीत. बसंतीने कारण विचारलं तर म्हणाला, "दिवस चांगले नाहीत." पंचांगाकडे त्याने त्यापूर्वी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

भगवती कुंपणाशी गाठून दर आठवड्याला विचारी, "काही कळलं?"

"कळतच नाही तर काय कळणार, वहिनी?"

"तुमच्या तोंडावरून वाटतंय कळलंय."

"हे तोंड असंच आहे."

इंद्राणीने अखेर सांगितलं ते ऐंशी सालच्या मार्चमध्ये, एका गुरुवारी, समोर बसून. यशपालने नवल वाटल्यासारखा चेहरा केला. तो इतका वाईट जमला की बसंतीने त्याला पाणी आणून दिलं. मग त्याने एवढंच विचारलं, "त्या घरात? तिच्या हाताखाली?"

"ती पुढच्या खोलीत असते, बाबा. मागचं घर रिकामंच आहे."

आता भगवतीला सांगायचं उरलं. ते जयदेवने दुसऱ्याच दिवशी केलं, आणि त्याला आयुष्यात एकदाच सुचलेली बुद्धी त्या दिवशी सुचली. त्याने मोकाच्या कचेरीतून स्वतःच्या घरी टेलिफोन लावला. वेळ संध्याकाळी चारची. भगवतीच्या पुढच्या खोलीत पाच जणं पाळीला बसलेली. तिने रिसीव्हर उचलला.

"आये, मी लग्न ठरवलंय. यशपालकाकांच्या इंद्राणीशी."

"काय?" भगवती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की आपण बोलतोय आणि दोन हातांवर राजलक्ष्मीकाकी बसली आहे. वेळ जावा म्हणून राजलक्ष्मीकाकीने ब्रेदची टोपली आपल्याकडे ओढून घेतली होती, आणि ती एकच पान केव्हाची निवडत होती.

"कधीपासून?" भगवतीने तोंडाशी हात धरून विचारलं.

"दीड वर्ष."

"कोनाशी म्हणालास?" हे तिला नीट ऐकू आलं होतं. पण दुसरं काय बोलावं हे तिला सुचेना, कारण रिसीव्हरच्या त्या टोकाची तिला सवय नव्हती. जयदेवने नाव पुन्हा सांगितलं. लष्करी नसला तरी त्या टेलिफोनचा आवाज मोठा होता. चहा व्हायच्या आत गल्लीतल्या नऊच्या नऊ घरांत कळलं, आणि त्यातल्या एकाही घरात ते यशपालच्या तारेवरून कळलं नाही.

भगवती तशीच उठून यशपालकडे आली. भांडताना ती बेटावरच्या क्रेओल बोलीत शिरे. त्या दिवशी ती अंगणातच शिरली होती.

"दीड वर्ष! माझ्या घरातली गोष्ट, माझ्या खोपटातली, आणि मला राजलक्ष्मीच्या पुढ्यात कळावी? तुम्हाला ठाऊक होतं."

"मला कसं ठाऊक असणार?" यशपाल म्हणाला. "त्या तारेवर तिसरा कोणी ऐकू शकत नाही." हे म्हणताना तो इंद्राणीकडे सोडून सगळीकडे बघत होता.

"आणि पोरीला दमा आहे, त्याचं काय?"

"अगं पण तूच म्हणतेस ना," राजलक्ष्मीकाकी कुंपणापलीकडून म्हणाली, "लाखात एक. तीन वर्षं ऐकतोय आम्ही. कास्काव्हेलच्या लोकांना म्हणालीस, वाक्वाच्या म्हणालीस. टेलिफोनवर म्हणालीस."

बोललेलं परत घेता येत नाही, हा अनुभव भगवतीला नवा होता. थोड्या वेळाने ती बसंतीला म्हणाली, "वाफाऱ्याचं भांडं कृष्णदेवकडे अजून आहे. मी आणवून ठेवते. माझ्याकडे ओल जास्त." आमच्या गल्लीत होकार असाही दिला जातो.

लग्न जूनमध्ये, ऊसतोडीच्या आधी ठरलं. मांडव घालायला सातआठ तारा सोडवाव्या लागल्या. हळदीच्या दिवशी दुपारी इंद्राणी हत्यारांची पेटी घेऊन बापाजवळ येऊन बसली. मीटर, डागण्या, पकडी तिने जागच्या जागी लावल्या, आणि खालच्या कप्प्यातला चिमट्यांचा रिसीव्हर काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"बाबा, चालू तारेवर हा जोडला तर काय होतं?"

"काय होतं?"

"आवाज निम्मा होतो. तुम्हीच शिकवलंत. मी बारा वर्षांची होते."

यशपाल मांडवाकडे वळला. "तार ओली असली तरी होतो कधी कधी," तो म्हणाला.

"त्या शनिवारी ऊन होतं. तुम्ही शिडी रंगवत होता."

यशपालने रिसीव्हर उचलून पेटीत ठेवला. ती म्हणाली, "चार महिने गप्प राहिलात मात्र. मला वाटलं होतं, चार दिवस," आणि पेटीचं झाकण लावून उठली. हळदीला बायका जमायला लागल्या होत्या.

लग्नानंतर यशपालने आराखड्याच्या नव्या प्रती छापल्या. पहिलं वाक्य त्याने तसंच ठेवलं. ते काढायला त्याचा हात होईना. खाली मात्र बारीक अक्षरात एक सूचना वाढवली: "बोलता बोलता आवाज अचानक निम्मा झाला, तर घरातलंच कोणी ऐकत आहे असं समजावं आणि पुढचं त्यांच्यासाठी बोलावं." एक प्रत त्याने, दोन वर्षं बोलणं नसताना, मोकाला हरिप्रसादकडेही पाठवली.

हरिप्रसादचं उत्तर आठवड्यात आलं. त्याने कळवलं होतं की गोल खटक्यांच्या जोडणीत असला प्रकार कधीही घडलेला नाही. त्याला मुलगी नव्हती.